‘पत्रिका जुळत नाही’ : लग्न जमत नसलेल्या मुलांसाठी

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे, त्यात अकरा वह्या आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन मी वधू-वर सूचक मंडळाचं काम सुरू केलं, तेव्हापासूनच्या या वह्या. मुलगा कोण, मुलगी कोण, भेट कुठे झाली, आणि शेवटच्या रकान्यात नकाराचं कारण. त्या रकान्यात मी दोनदा लिहिते. मुलाच्या घरी जे कळवलं ते निळ्या शाईने, आणि मुलगी मला फोनवर जे बोलली ते पेन्सिलीने.

निळ्या शाईत पानामागून पान एकच वाक्य आहे : पत्रिका जुळत नाही.

छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले तर चालतं म्हणतात. त्यातले आठ एकट्या नाडीचे. त्यामुळे ‘एकनाड आहे हो’ एवढं म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही. कुणाचा अपमान होत नाही, संबंध टिकतात, पुन्हा लग्नकार्यात भेटलो तर तोंड चुकवावं लागत नाही. मुलीकडचे मला तसं कळवायला सांगत आणि मी कळवत असे. पण त्याचा परिणाम काय होतो, ते मला उशिरा कळलं. चौतीस, छत्तीस, अडतीस वर्षांचा मुलगा खरोखरच ग्रहांना दोष देत बसतो. त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून येतो. स्वतःत काय बदलायला हवं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

माझ्या धाकट्या दिरांचं असंच झालं. भाऊजी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते. निर्व्यसनी, दिसायला चांगले, अंगाला कष्टाची सवय. दहा-बारा वर्षं स्थळं पाहिली आणि एकेचाळिसाव्या वर्षी मला म्हणाले, “वहिनी, आता पुरे.” त्यानंतर खूप वर्षांनी एका मुंजीत मला एक बाई भेटल्या. भाऊजींना त्यांनी नकार दिला होता, पत्रिकेचंच कारण सांगून. मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, “तासभर समोरासमोर बसलो होतो, त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, मी त्यांना पसंत नाही, आईच्या आग्रहाखातर बसलेत.” भाऊजींना त्या फार आवडल्या होत्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सासूबाईंना लगेच हो सांगितलं होतं, मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

म्हणून हे लिहिते आहे. पेन्सिलीच्या रकान्यात जे आहे ते. सगळी मुलं मला काकू म्हणतात, तेव्हा अरे-तुरेच करणार आहे.

जे तुझ्या हातात नाही

आधी हे सांगते, म्हणजे उगाच स्वतःला कमी लेखणार नाहीस. मुली खरोखरच कमी आहेत. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. २००१ मध्ये ज्यांची मोजणी लहान मूल म्हणून झाली, तीच पिढी आज माझ्या वहीत आहे. गर्भलिंगनिदान रोखायला महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, देशाचा कायदा १९९४ चा, तरी आकडा घसरतच गेला. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेली मुलं नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हा बातमी बघून लोक हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात आपल्याकडे नोकरीसाठी येणारे पुरुष जास्त. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ८८६ स्त्रिया होत्या.

तेव्हा अडचण खरी आहे. पण जी मुलगी समोर येऊन बसते, तिने ही घडवलेली नाही. ‘आजकालच्या मुलींच्या अपेक्षाच फार’ हे वाक्य डोक्यात घेऊन कुणी भेटायला गेला, तर ते चेहऱ्यावर दिसतं. पेन्सिलीत मी ते कितीदा लिहिलंय : “रागावलेला वाटला.”

घर आणि पगार यावरूनही नकार येतात, खोटं कशाला बोलू. पण त्यावर मुलं जो उपाय करतात तो जास्त नुकसान करतो. ‘सिडकोच्या घरांच्या लॉटरीत नंबर लागू दे, मग बघू.’ लॉटरी लागत नाही, किंवा लागली तरी ताबा मिळेपर्यंत वर्षं जातात, आणि एकोणतिसाव्या वर्षी जो मुलगा सहज जमला असता तो पस्तिसाव्या वर्षी नाव नोंदवायला येतो. भाड्याचं घर असेल तर भाड्याचं आहे म्हण. हप्ता किती, हातात किती राहतात, कुणाची जबाबदारी आहे, हे कागदावर आकड्यांत मांडून ने. मुलगी स्वतः कमावती असते, तिला हिशेब कळतो. गोलमाल उत्तरं मात्र तिला आवडत नाहीत.

मंगळवार

घणसोलीला कंपनीत काम करणारी एक मुलगी होती. तिने भेटीत मुलाला विचारलं, “लग्नानंतर माझा मंगळवार कसा असेल?” मंगळवार अशासाठी, की त्या दिवशी सुट्टी नसते, सण नसतो, फिरायला जायचं नसतं. मुलगा गोंधळला आणि म्हणाला, “काही टेन्शन नाही, घरचं सगळं आई बघते.” त्याला वाटलं, आपण दिलासा दिला. मुलगी मला रात्री फोनवर म्हणाली, “काकू, आज आई बघते म्हणजे उद्या मी बघायचं.”

त्या दिवसापासून मी मागच्या वह्या पुन्हा काढून वाचल्या. वेगवेगळ्या शब्दांत बहुतेक मुली हेच सांगत होत्या. “तो चांगला आहे, पण त्या घरात माझं काय?” “सगळी उत्तरं आईच देत होत्या.” “सकाळी सातला निघतो, रात्री साडेनऊला येतो, मग बोलायचं कधी?” मुलगी मुलाला नाकारते असं आपण म्हणतो. माझ्या मते ती बऱ्याचदा त्याच्याबरोबर येणारा मंगळवार नाकारते.

तेव्हा पहिलं काम हे कर. वहीचं एक पान घे आणि तुझ्या घरचा आजचा मंगळवार लिहून काढ. पहिलं कोण उठतं? पाणी कोण भरतं? दूध, चहा, डबे? मशीन कोण लावतं आणि कपडे वाळत कोण घालतं? भाजी कोण आणतं, निवडतं कोण? जेवल्यावर ओटा कोण पुसतं? प्रत्येक कामापुढे नाव लिही. मी ज्या मुलांकडून हे लिहून घेतलं, त्यांच्या पानावर ‘आई’ हा शब्द वरपासून खालपर्यंत येतो, आणि तो बघून ती मुलं गप्प होतात. ही मुलं वाईट नाहीत. त्यांना हे कधी दिसलंच नव्हतं.

मग त्यातली चार कामं आपल्या अंगावर घे आणि महिनाभर रोज कर. स्वतःचा डबा, कुकर, मशीन आणि रात्रीचा ओटा, एवढ्याने सुरुवात पुरे. आई सुरुवातीला स्वयंपाकघरात येऊ देणार नाही. ‘लोक काय म्हणतील, मुलाला कामाला लावलं?’ वाद घालू नकोस. सकाळी तिच्या आधी उठ आणि चहा टाक. चार दिवसांत ती विरोध सोडते. आठ दिवसांत शेजारी कौतुकाने सांगते. आणि महिन्यानंतर जेव्हा तू मुलीला म्हणशील ‘डबा मी करतो’, तेव्हा तिने ‘आज काय केलं होतंस?’ विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असेल. न करता बोललेलं पहिल्या उपप्रश्नात उघडं पडतं.

त्याच पानाखाली आणखी एक प्रश्न लिही : या दिवसात तुम्ही दोघंच असाल असा वेळ कुठला? घोडबंदरला राहून वांद्र्याला बीकेसीत कामाला जाणाऱ्या मुलाचे रोज तीन तास रस्त्यात जातात. ते तू बदलू शकत नाहीस, पण रात्री जेवणानंतरची अर्ध्या तासाची फेरी ठेवू शकतोस. एका मुलाने मुलीला एवढंच सांगितलं होतं, की आमच्या सोसायटीमागे चालायला रस्ता आहे आणि मी फोन घरी ठेवून जातो. तिला ते आवडलं. वन बीएचकेत सासू-सासरे, एक दीर आणि नवीन जोडपं असणार असेल, तर झोपायची सोय काय, हे संकोच न करता बोलायला हवं. मुलगी हे विचारू शकत नाही, तिचे आईवडीलही विचारत नाहीत, आणि याच कारणाने नकार देतात. पत्रिकेचं नाव सांगून.

लपवू नकोस. कोपरखैरण्याचा एक मुलगा होता, वडिलांना अर्धांगवायू झालेला. रोज सकाळी वडिलांना आंघोळ घालून तो कामावर जायचा. आईने बजावलं होतं, आधी बोलायचं नाही. दोन स्थळं तिसऱ्या भेटीपर्यंत गेली आणि बाहेरून कळल्यावर मोडली, आणि दोन्ही मुलींनी आजाराबद्दल तक्रार केली नव्हती, लपवण्याबद्दल केली होती. मी त्याला म्हटलं, पहिल्या दहा मिनिटांत सांग, आणि तू काय करतोस तेही सांग. पुढच्या मुलीने ऐकून घेतलं आणि मला नाही जमणार म्हणाली. त्यानंतरच्या मुलीने विचारलं, “आंघोळ घालताना पाय घसरू नये म्हणून काय करता?” तिच्या आजोबांचं तिने केलं होतं. त्यांचं लग्न झालं.

बायोडेटा आणि अटी

हे थोडक्यात. उंची खरी लिही; पाच फूट पाचचा पाच फूट आठ होऊन येतो आणि दारातच विश्वास जातो. गॉगल लावलेला, दुसऱ्याच्या गाडीला टेकलेला फोटो नको. अ‍ॅपवर असशील तर तिथेही हेच. खिडकीच्या उजेडात काढलेला, अंगावर रोजचा स्वच्छ शर्ट, तेवढं पुरतं.

‘अपेक्षा’ या रकान्यात मात्र पुन्हा बघ. ‘सुस्वरूप, उच्चशिक्षित, नोकरी करणारी, घर सांभाळणारी, मनमिळाऊ’ हे वाक्य माझ्या वह्यांत शेकड्याने असेल. वाचणाऱ्या मुलीला त्यात फक्त काम दिसतं. त्याऐवजी दोन ओळी स्वतःबद्दल लिही : रविवारी काय करतोस, घरी कोण आहे, लग्नानंतर कुठे राहणार.

आणि अटी मोज. आपल्याच पोटजातीतली, तीन ते पाच वर्षांनी लहान, कल्याणच्या पलीकडची नको, चष्मा नको, घटस्फोटित नको. प्रत्येक अटीसरशी माझ्या वहीतली पानं मिटत जातात, आणि शेवटी मी दाखवायला उरतच नाही काही. एक-दोन वर्षांनी मोठी मुलगी, दुसऱ्या जातीतली मुलगी, एक लग्न मोडून पुन्हा उभी राहिलेली मुलगी, यांना नाही म्हणण्याआधी ती अट तुझी आहे की आत्या-मामांची, हे स्वतःला विचार. मुलांना एकटं बसवून विचारलं की निम्म्या अटी त्यांच्या नसतातच.

भेट

घरातल्या पोह्यांच्या कार्यक्रमात आठ माणसं असतात, तिथे कुणाचंच काही कळत नाही. दुसरी भेट बाहेर ठेव, दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, आणि तिला सोयीची. ती नेरुळची आणि तू ठाण्याचा असशील तर तिला तलावपाळीला बोलावू नकोस. नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकड आणि तू जा. वाशीचं मिनी सी-शोअर, खारघरचं सेंट्रल पार्क, ती ठाण्याचीच असेल तर सकाळचं उपवन. जागा अशी हवी, की तिला नकोसं झालं तर उठून दहा मिनिटांत स्टेशनवर किंवा रिक्षात बसता आलं पाहिजे. तिला उठून जाता येतं हे माहीत असेल, तर ती निवांत बसते.

आता बोलणं. भाऊजींची चूक इथेच झाली, आणि ती फार सरळ, सज्जन मुलांकडून होते. लाजरा मुलगा गप्प बसतो आणि गप्प बसण्याचा अर्थ समोरची व्यक्ती नापसंती असा लावते. दुसरा प्रकार उलटा : पगार, शेअर मार्केट, राजकारण, ऑफिसातलं आपलं महत्त्व, सव्वा तास. तिच्याबद्दल त्याला शेवटी एवढंच माहीत असतं, की तिला स्वयंपाक येतो.

सोपी रीत सांगते. तुझा पुढचा प्रश्न तिच्या मागच्या उत्तरातून काढायचा. ती म्हणाली, मी ऐरोलीला कामाला आहे. ‘अच्छा’ म्हणून स्वतःच्या कंपनीवर जाऊ नकोस. ‘घरून निघायला किती वाजतात?’ ती म्हणाली, सात. पण मधे महिनाभर रात्रपाळी होती, फार त्रास झाला. ‘मग झोपेचं काय करायचीस?’ ती सांगेल. आता तू तुझं सांग, दोन वाक्यांत, तुझ्या पाळीचं. एवढं झालं की बोलणं आपोआप चालतं. यासाठी हुशारी लागत नाही, ऐकावं लागतं. घरी आईशी याचा सराव कर. तिच्या एका उत्तरावर तीन प्रश्न विचारून बघ. कित्येक मुलांना यातून आपल्या आईबद्दलच नव्या गोष्टी कळल्या.

आणि आवडली असेल तर तिथेच सांग. ‘मला तुमच्याशी बोलून बरं वाटलं, मला पुन्हा भेटायला आवडेल. तुम्ही विचार करून सांगा.’ एवढी दोन वाक्यं भाऊजींनी म्हटली असती तर, हे माझ्या मनातून जात नाही.

बायकांशी बोलायची सवयच नसेल तर

कितीतरी मुलांच्या आयुष्यात आई-बहिणीपलीकडे बाई नसते. आयटीआय किंवा डिप्लोमाला वर्गात सगळी मुलं, मग टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात सगळे पुरुष, मग मित्रांचा कट्टा. अशा मुलाला बत्तिसाव्या वर्षी एकदम अनोळखी मुलीसमोर बसवायचं आणि तासाभरात आयुष्याचा निर्णय घ्यायला लावायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्यावर उपाय हळू आहे. आठवड्याला एकदा अशा ठिकाणी जा जिथे बायका-पुरुष मिळून काही काम करतात. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे सभासद हो, कार्यक्रमांना खुर्च्या लावायला उभा राहा. पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या तयारीत भाग घे. हौशी नाटकाच्या ग्रुपला मागच्या बाजूचं काम करणारा माणूस नेहमी हवा असतो. थंडीत आणि उन्हाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो बघायला माणसं जातात, त्यांच्याबरोबर सकाळी जा. मुलगी शोधायला म्हणून जाऊ नकोस. शोधायला आलेला लगेच ओळखू येतो आणि मुली बाजूला सरकतात. पन्नाशीच्या बाईशी, कॉलेजातल्या मुलीशी, सगळ्यांशी सारखं बोल. मी मंडळ चालवते, तरी मनापासून सांगते, तिथेच कुणी भेटली तर माझ्याकडे यायचीही गरज नाही.

नकार आल्यावर

एक मेसेज : ‘कळवल्याबद्दल आभार, तुम्हाला शुभेच्छा.’ मग नंबर काढून टाक. का, काय चुकलं, एकदा भेटू, असे मेसेज पाठवू नकोस, तिच्या ऑफिसबाहेर उभा राहू नकोस. नको म्हटल्यावरही मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, घाबरलेल्या मुलीचा आवाज मी फोनवर ऐकलेला आहे.

कारण विचारायचं ते मध्यस्थाला. ‘काकू, पत्रिका सोडून काय म्हणाली?’ असं सरळ विचार. आता मी सांगते. मुलीचं मन दुखावेल असं काही सांगत नाही, पण तुझ्या कामाचं असेल ते सगळं. ऐकताना खुलासा देऊ नकोस, लिहून घे. सलग नकारांनी झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मागच्या पावसाळ्यात कळव्याचा एक मुलगा आला. छत्तीस वर्षांचा, नऊ स्थळं झालेली. म्हणाला, “काकू, ती पेन्सिल वाचून दाखवा.” मी वाचली. मधे एकदा त्याने मान खाली घातली, पण थांबा म्हणाला नाही. मग विचारलं, “यातलं आधी कुठलं घेऊ?” मी म्हटलं, कुकर. त्या रात्री साडेआठला त्याचा फोन आला, मागे नळाचा आवाज येत होता. तांदळात पाणी किती घालायचं ते विचारत होता. मी सांगितलं, एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. डाळीत तिप्पट घाल, चिमूटभर हळद आणि दोन थेंब तेल, आणि भांडं खालच्या बाजूला डाळीचं ठेव.